वहीची साक्ष आणि यंत्राची साक्ष

हिशेबाची वही हा सावकारी व्यवहाराचा कणा. परंतु वहींत लिहिलें म्हणजे ऋण सिद्ध झालें, असें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें मानलें नाहीं. नियमितपणें ठेवलेल्या वहीची नोंद त्यानें ग्राह्य धरली, पण केवळ तेवढ्यावरून कोणाच्याहि माथीं देणें मारतां येणार नाहीं, असें बजावलें. पुढें १८९१ सालीं बँकेच्या खातेवह्या कोर्टांत वाहून आणण्याऐवजीं त्यांची प्रमाणित नक्कल पुरेशी ठरली. वही पेढींत राही आणि अधिकाऱ्याची सही तिच्या वतीनें बोले.

संगणक आला आणि ही घडी विसकटली. कागदावरील खाडाखोड डोळ्यांस दिसते; यंत्रांतील नोंद बदलली तर सामान्य माणसाच्या नजरेस कांहींच पडत नाहीं. म्हणून २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें पुराव्याच्या कायद्यांत '६५-ब' हें कलम घातलें. यंत्र नित्य वापरांत होतें व नीट चालत होतें, असें जबाबदार व्यक्तीनें लिहून द्यावें, तरच त्यांतील उतारा पुरावा व्हावा, अशी ही योजना. बँकांच्या छापील उताऱ्यांसहि अशाच दाखल्याची जोड लागली.

परंतु दाखला मिळालाच नाहीं तर? २००५ सालीं संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें दाखल्यावांचून दूरध्वनीच्या नोंदी स्वीकारल्या. २०१४ सालीं त्याच न्यायालयानें तें मत फिरविलें. त्याच वर्षीं जालन्याच्या विधानसभा निवडणुकींत अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनीं निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचें म्हणणें असें, कीं खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारीं तीनची मुदत टळल्यावर दाखल झाला. याचा पुरावा निवडणूक कचेरींतील चित्रीकरणांत होता. तबकड्या मिळाल्या; पण वारंवार मागूनहि अधिकाऱ्यांनीं दाखला दिला नाहीं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें २०१७ सालीं ती निवडणूक रद्द केली. २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल कायम ठेवला. दाखला अनिवार्यच, मात्र पक्षकारानें आपल्या हातचे सर्व प्रयत्न केले असतां दुसऱ्याच्या नकारापायीं त्याची बाजू बुडूं नये, असें न्यायमूर्तींनीं ठरविलें.

बँकेशीं वाद पडलेल्या खातेदारास ही गोष्ट मोलाची आहे. कारण त्याच्या व्यवहाराची सारी नोंद बहुधा प्रतिपक्षाच्याच यंत्रांत असते. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानें तर दाखल्यावर तज्ज्ञाचीहि सही मागितली आहे. साधनें बदललीं, दंडक तोच राहिला. नोंद स्वतः शपथ घेत नाहीं. तिच्यासाठीं कोणा माणसासच पुढें यावें लागतें.