पंचवीस मैल अनवाणी : एका निवड दिवसाचा इतिहास

१/ गेल्या डिसेंबरातील एक पहाट. पुण्याजवळच्या एका डोंगराच्या पायथ्याशी ट्रेल रनिंग संघाची निवड चाचणी होती. मी धावण्यासाठी गेले नव्हते. एका वळणावर उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाचा छातीवरील क्रमांक आणि वेळ टिपून घेणे, हे स्वयंसेवकाचे काम माझ्याकडे होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला नोंदी ठेवण्याची सवय असते, एवढीच माझी पात्रता.

२/ ट्रेल रनिंग म्हणजे डांबरी रस्ता सोडून पाऊलवाटेने, चढउतारांवरून, दगडमातीतून धावणे. वाट चुकू नये म्हणून झुडपांना रंगीत फिती बांधलेल्या असतात. फितींनी आखलेल्या वाटेनेच धावायचे, हा पहिला नियम. अन्यथा अंतर सर्वांना सारखे राहणार नाही आणि वेळेची तुलना निरर्थक ठरेल.

३/ माझ्या वळणापाशी सर्वांत आधी पोहोचलेला मुलगा पायथ्याच्याच गावचा होता. पायात शाळेचे कॅनव्हासचे बूट. इतर जण ज्या उतारावर पाय चाचपत उतरत होते, तिथून तो पाण्यासारखा खाली गेला. निकालात मात्र त्याचे नाव नव्हते. शेवटच्या टप्प्यात त्याने फिती सोडून गुरांची वाट धरली होती. मी विचारले, तेव्हा तो गोंधळून म्हणाला, "ताई, वाट तर हीच हाय."

४/ नियमाप्रमाणे तो बाद झाला आणि आयोजकांचे चुकले असेही म्हणता येत नाही. पण घरी परतताना मला पुण्यातल्याच आणखी एका निवडीची आठवण झाली. तिथेही धावणे आणि धावण्याचे नियम यांची अशीच समोरासमोर गाठ पडली होती. भारताच्या पहिल्या ऑलिंपिक संघाची कथा त्या मैदानावर सुरू होते. आजचा धागा त्या दिवसाविषयी.

५/ साल १९१९. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या वार्षिक क्रीडास्पर्धा भरल्या होत्या. १९०६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था; पुढे तिच्या नावानेच शहराचा तो भाग ओळखला जाऊ लागला. अध्यक्षपदी होते सर दोराबजी टाटा. जमशेटजींचे थोरले चिरंजीव, केंब्रिजमध्ये शिकलेले, तरुणपणी इंग्लंडमध्ये मैदानी खेळांची गोडी लागलेले आणि आता साठीला टेकलेले.

६/ त्या दिवसाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातील बरेचसे एका पत्रातून येते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष बाये-लातूर यांना दोराबजींनी १९२९ मध्ये हे पत्र लिहिले. म्हणजे घटना आणि तिची नोंद यांत दहा वर्षांचे अंतर आहे. लिहिणारा माणूस त्या दिवशी प्रेक्षकही होता, परीक्षकही होता आणि पुढच्या घडामोडींचा कर्ताही होता. हे तिन्ही धागे ध्यानात ठेवूनच ते पत्र वाचावे लागते.

७/ पत्रातील पहिला प्रसंग शंभर यार्डांच्या शर्यतीचा. मैदान लहान, गवत ओबडधोबड, रूळ न फिरवलेले. म्हणून आयोजकांनी शंभर यार्डांची धाव वळणावरून घ्यायचे ठरवले होते, तीही धावपट्ट्यांच्या मध्ये दोऱ्या न बांधता. इंग्लंडमधील स्पर्धा पाहिलेल्या दोराबजींना हे खटकले. ही शर्यत सरळ रेषेतच व्हायला हवी आणि प्रत्येकाची पट्टी आखलेली हवी. जमलेल्या लोकांच्या लेखी मात्र धावणे म्हणजे धावणे. त्याला दोऱ्या कशाला?

८/ दुसरा प्रसंग लांब पल्ल्याच्या शर्यतीचा. सुमारे पंचवीस मैल. धावणारे बहुतेक शेतात राबणारे, साध्या अन्नावर जगणारे तरुण. पायांत काही नाही. आधुनिक प्रशिक्षणाचा गंधही नाही. आणि तरीही त्यांच्या वेळा युरोपातील चांगल्या धावपटूंच्या वेळांशी तोलता येतील अशा होत्या. नियमांच्या अज्ञानाने चकित झालेला हाच माणूस आता त्या पायांनी चकित झाला.

९/ दोराबजी तिथेच थांबले नाहीत. या धावपटूंपैकी तिघांना अँटवर्पच्या ऑलिंपिकला पाठवण्याची व्यवस्था करण्याची तयारी त्यांनी दाखवली. योग्य आहार आणि इंग्रज प्रशिक्षक मिळाले, तर हे तरुण नाव काढतील, असा त्यांना विश्वास होता. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे पाठबळ मिळाले, समिती नेमली गेली आणि भारताला ऑलिंपिकचे दार उघडले. जागतिक महायुद्ध नुकतेच संपले होते. बेल्जियम स्वतः उद्ध्वस्त अवस्थेतून सावरत होता.

१०/ १९०० मध्ये नॉर्मन प्रिचर्ड पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये धावले होते, पण ते एकटेच. संघ म्हणून भारताचा पहिला प्रवास १९२० चा. त्यात सहा खेळाडू होते. धावपटूंमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी. मल्लांमध्ये कुमार नवले आणि रणधीर शिंदे. ही नावे एकदा मोठ्याने वाचून पाहा. सहांपैकी बहुतेक नावे पुणे, कोल्हापूर, बेळगावच्या पट्ट्यातील कोणत्याही गावच्या हजेरीपटावर सहज शोभतील अशी आहेत.

११/ २२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पची मॅरेथॉन झाली. फिनलंडचे हानेस कोलेहमायनेन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पहिले आले. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. कुस्तीत रणधीर शिंदे चौथ्या स्थानावर राहिले. कांस्यपदकापासून एका कुस्तीच्या अंतरावर. पहिल्याच संघासाठी ही कामगिरी लहान नव्हती. आज मात्र आपल्यापैकी किती जणांना चौगुल्यांचे नाव ठाऊक असते?

१२/ येथे नियमांविषयी एक गंमत. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरांची होती. त्याआधी १९१२ मध्ये स्टॉकहोमला ती सुमारे ४०.२ किलोमीटरांची होती आणि १९०८ मध्ये लंडनला ४२.१९५ किलोमीटरांची. हे शेवटचे अंतर अधिकृत म्हणून ठरले ते १९२१ मध्ये. म्हणजे वळणावरून शंभर यार्ड धावणाऱ्या पुणेकरांना नियम समजावले जात होते, तेव्हा ज्या जगातून ते नियम येत होते, त्या जगाचेही मॅरेथॉनच्या अंतरावर एकमत व्हायचे होते.

१३/ आणखी एक गोष्ट ट्रेल रनिंगवाल्यांसाठी. त्या काळी ऑलिंपिकमध्ये माळरानावरून, शेतांतून धावण्याची क्रॉस कंट्री शर्यतही असे. १९१२, १९२० आणि १९२४ अशी तीनदा ती झाली. १९२४ मध्ये पॅरिसच्या भीषण उन्हाळ्यात ३८ जण धावले आणि अवघे १५ शेवटपर्यंत पोहोचले. त्यानंतर ही शर्यत ऑलिंपिकमधून कायमची गेली. ओबडधोबड जमिनीवरचे धावणे बाहेर राहिले. उरला तो आखलेला मार्ग आणि सपाट रस्ता. अनवाणी, खडबडीत वाटांवर घडलेल्या पायांना निवडायचे ते मात्र याच सपाट रस्त्यासाठी.

१४/ आता प्रश्न असा, की पंचवीस मैल अनवाणी धावणारे हे पाय 'प्रशिक्षणाविना' घडले होते का? मराठी मुलखात धावणे हा पोटापाण्याचा आणि राज्यकारभाराचा भाग होता. पेशवाईतील पत्रव्यवहार जासुदांच्या पायांवर चालत असे. वाटेत एकाला काही झाले तर दुसऱ्याने पत्र पोहोचवावे, म्हणून त्यांची जोडी पाठवली जाई. जुन्या पत्रांत 'जासूदजोडी' हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. पुढे इंग्रजी अमलात डाकेचे हरकारे हातातील काठीची घुंगरे वाजवत रानावनांतून टप्पे गाठत.

१५/ धावण्याची एक बाजू अशीही आहे, की तिच्यात निवड नव्हती; होती ती सक्ती. गावगाड्यात निरोप पोहोचवणे, सारा तालुक्याला नेणे, अंमलदाराच्या पुढे धावणे ही कामे महार वतनाचा भाग होती. वेळीअवेळी हाक आली की निघायचे. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. ही वतने कायद्याने संपली ती १९५८ मध्ये. ज्या धावण्याला मैदानावर टाळ्या मिळत, त्याच धावण्याला गावात बिगार म्हणत.

१६/ १९१९ चे धावपटू कोणत्या घरांतून आले होते, याचा तपशील दोराबजींचे पत्र देत नाही. तिथे ते 'शेतकरी वर्गातले' म्हणून येतात, समूहाने. आपल्याला त्यांचे पाय दिसतात, नावे भेटत नाहीत. पत्राची ही मर्यादा लिहिणाऱ्याच्या मनाचा कोतेपणा दाखवत नाही. निवड करणारा जे पाहायला आलेला असतो, तेच त्याच्या लेखणीत उतरते. दोराबजी वेळ आणि क्षमता पाहत होते. शेत, घर, कर्ज, जात हे त्या दिवशी मैदानाच्या बाहेर होते.

१७/ मैदानाबाहेर काय चालले होते, तेही पाहू. याच वर्षांत पुण्याच्या पश्चिमेला मावळात, मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ, वीजनिर्मितीसाठी धरण बांधण्याची योजना टाटा कंपनीने हाती घेतली होती. भातखाचरे आणि गावे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे नेते. बापटांना 'सेनापती' हे नाव याच लढ्याने दिले. धरण अखेर झालेच.

१८/ अँटवर्पची मॅरेथॉन आणि मुळशीचा सत्याग्रह यांत आठ महिन्यांचेही अंतर नाही. टाटा समूहाचे प्रमुख दोराबजीच होते. डोंगराळ भागातील शेतकऱ्याच्या पायांवर पैसा लावणारा उद्योगपती आणि त्याच प्रकारच्या शेतकऱ्याच्या जमिनीवर धरण बांधणारा उद्योगपती, ही दोन माणसे नव्हती. यातील एकाला खरा आणि दुसऱ्याला खोटा ठरवण्याची घाई इतिहासाच्या विद्यार्थ्याने करू नये. मुंबईला वीज हवी होती, हेही खरे. मावळ्याला जमीन हवी होती, हेही खरे. पण त्यांपैकी कोणाचे म्हणणे ऐकले गेले, हा प्रश्न टाळून चालणार नाही.

१९/ दोराबजींचे ऋण मोठे आहे. त्यांनी तो दिवस पाहिला नसता, तर चौगुले अँटवर्पला पोहोचले नसते आणि भारताचे ऑलिंपिक पदार्पण किती लांबले असते, कोण जाणे. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्षही तेच. तरीही त्या शर्यतीत धावलेल्या, पण निवडल्या न गेलेल्या तरुणांचा विचार माझ्या मनातून जात नाही. शर्यत संपल्यावर ते कोणत्या वाटेने गावी परतले असतील? दुसऱ्या दिवशी शेतावर गेले असतील, तेव्हा त्यांनी घरी काय सांगितले असेल?

२०/ निवड करताना इतिहासही असाच वागतो. ज्याची वेळ नोंदली गेली, ज्याला जहाजात जागा मिळाली, ज्याचे नाव निकालपत्रात आले, त्याच्यापासून कथा सुरू होते. चौगुल्यांची २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद ही वेळ आपल्याला आज सेकंदापर्यंत ठाऊक आहे. ज्यांच्याशी स्पर्धा करून ते तिथवर पोहोचले, ते मात्र 'शेतकरी' या एका शब्दात मावले आहेत.

२१/ डिसेंबरातील त्या सकाळी माझ्या हातातील तक्त्यात तीन रकाने होते : क्रमांक, वेळ, शेरा. कॅनव्हासचे बूट घातलेल्या मुलाच्या क्रमांकापुढे, माझ्या वळणावरच्या सर्वांत जलद वेळेपुढे, मी 'बाद' असे लिहिले आणि कागद आयोजकांच्या हाती दिला. तो का बाद झाला, त्याला फितींचा नियम कोणी नीट सांगितला होता का, आणि ती गुरांची वाट त्याच्या रोजच्या पायाखालची होती, हे लिहायला रकाना नव्हता. शंभर वर्षांनी तो कागद कोणाला सापडला, तर एवढेच कळेल, की एक जण बाद झाला.

२२/ म्हणून शेवटी एक विनंती. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातील अनेक घरांत एखादा पितळी पेला, गंजलेले पदक, जत्रेतील शर्यतीचा पिवळा पडलेला फोटो किंवा 'आमचे पणजोबा धावायचे' एवढेच एक वाक्य जपलेले असते. घरातील थोरांना नाव, गाव आणि साल विचारा. वहीत लिहून ठेवा. वस्तू असेल तर तिचे छायाचित्र काढा आणि मागे तारीख टाका. शेऱ्याच्या रकान्यात जे मावले नाही, ते लिहिण्याचे काम अजून शिल्लक आहे.