बोटाने लिहिलेला ‘नो’

‘‘आज सकाळी नात्तो खाल्लेले नाही ना?’’ जपानमधील कोबे शहराच्या नादा भागात साके बनवणारा एक कारखाना पाहायला आम्ही गेलो होतो. दारातच आम्हाला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न.

नात्तो म्हणजे आंबवलेले सोयाबीन. ते बॅसिलस सबटिलिस या जिवाणूमुळे आंबते. या जिवाणूचे बीजाणू फार चिवट असतात. हातांवरून, कपड्यांवरून ते आत गेले तर साकेसाठी मुद्दाम वाढवलेली बुरशी बिघडते. सूक्ष्मजीवशास्त्राचा पहिला धडा असा दारातच मिळाला.

साके हे तांदळापासून बनवलेले मद्य. यीस्टला साखर खाता येते, तांदळातले पिष्ट खाता येत नाही. म्हणून वाफवलेल्या तांदळावर आधी अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवतात. या बुरशी धरलेल्या तांदळाला ‘कोजी’ म्हणतात. कोजीतील विकरे पिष्टाची साखर करतात आणि त्याच भांड्यात, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल करते. साखर हळूहळू तयार होते आणि लगेच वापरली जाते. त्यामुळे तिचे प्रमाण यीस्टला जड होण्याइतके वाढत नाही, आणि अल्कोहोल जवळजवळ २० टक्क्यांपर्यंत पोचते. बिअरमध्ये ते साधारण ५ टक्के असते.

गाळलेली साके पुढे सुमारे ६०-६५ अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. ‘‘म्हणजे पाश्चरीकरण!’’ मी म्हटले. आमचा वाटाड्या हसला. ‘‘आम्ही याला हिइरे म्हणतो. पाश्चर यांच्या आधीपासून.’’

ही नुसती बढाई नव्हती. नारा येथील कोफुकुजी मठातील भिक्षूंनी लिहिलेली ‘तामोनइन निक्की’ नावाची रोजनिशी उपलब्ध आहे. त्या काळी मठांतही साके बनत असे. १५६८ सालच्या सुमाराच्या नोंदींत साके तापवल्याचा उल्लेख आहे. चीनमध्ये तर बाराव्या शतकातल्या ‘बेइशान जिउजिंग’ या ग्रंथातही मद्य तापवण्याची कृती आहे. लुई पाश्चर यांचे वाइनवरचे प्रयोग १८६० नंतरच्या दशकातले.

तोक्यो येथे रसायनशास्त्र शिकवणारे इंग्रज प्राध्यापक रॉबर्ट विल्यम अ‍ॅटकिन्सन यांनी १८८१ मध्ये साकेच्या रसायनशास्त्रावर पुस्तक लिहिले. कारागिरांकडे तापमापक नसल्याचे त्यांनी पाहिले. तापलेल्या साकेच्या पृष्ठभागावर बोटाने जपानी ‘नो’ हे अक्षर जेमतेम काढता आले, की चटका बसण्याआधी बोट काढायचे आणि तापवणे थांबवायचे! हे अक्षर एकाच गोल वळणाचे असते. अ‍ॅटकिन्सन यांच्या नोंदीप्रमाणे हे तापमान भरत असे १३० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ५५ अंश सेल्सियस.

मग पाश्चर यांचे श्रेय काढून घ्यायचे का? वर्गात असे प्रश्न आपल्यालाही भेटतात. ‘हे सगळे आपल्याकडे आधीच होते’ असे एक मूल म्हणते, तर ‘विज्ञान सगळे पाश्चात्त्यांचे’ असे दुसरे. दोघांनाही घाई झालेली असते.

कारागिरांना तापवल्यावर काय होते ते नेमके माहीत होते; का होते ते माहीत नव्हते. तापवूनही साके कधी कधी नासे. या नासण्याला ते ‘हिओची’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यावर उपाय म्हणून सॅलिसिलिक आम्ल घालण्याची पद्धत आली आणि ती १९६९ पर्यंत टिकली. नासण्यामागे विशिष्ट सूक्ष्मजीव असतात हे पाश्चर यांनी प्रयोगांनी दाखवले. कारण कळल्यामुळे तीच युक्ती बिअरला, दुधाला लावता आली. भांडी निर्जंतुक का करायची, हेही त्यातूनच उमगले.

पण कारागिरांच्या अडचणीतूनही विज्ञान पुढे गेले. हिओची घडवणारे काही जिवाणू एका अनोळखी पदार्थाशिवाय वाढत नाहीत आणि तो पदार्थ कोजीची बुरशी पुरवते. १९५६ मध्ये गाकुझो तामुरा यांनी तो शोधून त्याला ‘हिओचिक आम्ल’ म्हटले. त्याच वर्षी अमेरिकेतील मर्क कंपनीत कार्ल फोकर्स यांच्या गटाला ‘मेव्हॅलोनिक आम्ल’ सापडले. दोन्ही एकच निघाले. नाव दुसरे टिकले. आपले शरीर कोलेस्टेरॉल बनवते तेव्हा वाटेत हेच आम्ल लागते. ते बनवणारे विकर अडवणारा पदार्थ अकिरा एन्दो यांनी १९७० नंतरच्या दशकात एका बुरशीतूनच मिळवला. आजची स्टॅटिन औषधे त्या वाटेने आली.

शेवटी चव पाहण्यासाठी छोटे पांढरे पेले आले. तळाशी निळी वर्तुळे होती. पांढऱ्यावर रंग कळतो, निळ्याच्या कडेवर गढूळपणा कळतो. एका पेल्यात न तापवलेली साके होती. ती ताजी, चुणचुणीत लागली; पण ती थंडच ठेवावी लागते. दुसऱ्यातली तापवलेली होती. तिची चव शांत होती.

विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारा: बोटाने लिहिलेल्या ‘नो’वर तीन शतके काम भागत होते, तर तापमापकाने नवे काय दिले? उत्तर एकच नाही. कारागिराचे बोट त्याच्याबरोबर जाते, आकडा मात्र दुसऱ्याला सांगता येतो, हे त्यातले एक. आणखी उत्तरे मुलांनाच शोधू द्या.