शेजघर, न्हाणीघर आणि फडताळ : तिघे एका खोलीत कसे आले?

१/
मेहकरसारख्या गावात जुन्या घराचे काम निघाले की आराखड्यावर पहिली मागणी ठरलेली असते : मास्टर बेडरूम, तिला अटॅच बाथरूम आणि भिंतभर वॉर्डरोब. आराखडा पाहून घरातील एखादे वडीलधारे हमखास विचारतात, “निजाच्या खोलीत संडास रायते का कुठी?” आपण हसतो आणि कामाला लागतो. मात्र या प्रश्नामागे काही शतकांचा इतिहास आहे, आणि त्यातील बराचसा सुखावह नाही. आजचा धागा त्याविषयी.

२/
आधी निजेपासून सुरुवात करू. पैनगंगेच्या काठच्या या गावात यादवकालीन धाटणीची एक जुनी दगडी धर्मशाळा आहे. खांबांच्या रांगा, वर छत, बाकी सारे मोकळे. वाटसरू आला, त्याने पथारी अंथरली, पहाटे गुंडाळून निघाला. निजण्यासाठी स्वतंत्र खोली लागते ही कल्पनाच त्या बांधणीत नाही.

३/
घरांतही फारसे वेगळे नव्हते. ओसरी, सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठी, बाळंतिणीची खोली, परसू : वाड्यातील दालनांची ही नावे वाचून पाहा. त्यांत ‘झोपण्याची खोली’ नाही. पुरुष सोप्यात किंवा ओसरीवर निजत, बायका-मुले माजघरात, उन्हाळ्यात सगळे माळवदावर. नव्या जोडप्याला माडीवरची एखादी खोली मिळे, तीही दुसरे लग्न होईपर्यंत. अंथरूण सकाळी उचलले की तीच जागा दिवसभर दुसऱ्या कामाची.

४/
ज्याचे शयनगृह कायमचे ठरलेले होते, असा महाराष्ट्रातील एक रहिवासी मात्र सर्वांना ठाऊक आहे : पंढरपूरचा विठ्ठल. त्याच्या मंदिरात शेजघर आहे, त्यात पलंग आहे. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत भक्तांना अहोरात्र दर्शन मिळावे म्हणून तो पलंग काढून ठेवतात. म्हणजे वारीच्या दिवसांत देवही माजघरातल्या माणसांसारखाच, खोलीवाचून.

५/
आता कपडे. आपला जुना पोशाख बव्हंशी न शिवलेला : लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे. असे वस्त्र घडी घालून ठेवायचे असते, टांगायचे नसते. म्हणून खुंटी, वलनी, पेटारा आणि फडताळ एवढ्यावर घर भागे. सोवळ्याची वलनी तेवढी उंच, कोणाचा हात लागू नये म्हणून. तिच्यावरचे वस्त्र काठीनेच उतरवायचे. कोट, सदरा, पाटलोण हे शिवलेले कपडे रोजचे झाले तेव्हा हँगर आला, आणि हँगरमागोमाग उभे कपाट.

६/
फडताळाविषयी थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण त्याचे रहस्य भिंतीत आहे. मातीची किंवा दगड-मातीची भिंत दोन-अडीच हात जाड असे. तिच्या पोटात कोनाडे, दिवळ्या, दारांची फडताळे आणि धान्याची बळदे सहज सामावत. सामान भिंत सांभाळी, जमीन मोकळी राही. पुढे विटा-सिमेंटची नऊ इंची भिंत आली. तिच्या पोटात काय मावणार? साठवण भिंतीतून बाहेर पडली आणि जमिनीवर येऊन उभी राहिली. आज वॉर्डरोबसाठी खोलीतील दोन फूट रुंदीची पट्टी सोडावी लागते, ती त्या पातळ झालेल्या भिंतीची किंमत आहे.

७/
न्हाणीघराची जागा पाण्याने आणि चुलीने ठरे. आडावरून पाणी आणायचे, बंबात किंवा चुलीवर तापवायचे, घंगाळात घ्यायचे. म्हणून न्हाणी स्वयंपाकघराजवळ किंवा परसात. सांडपाणी केळीला, अळूला. पलंगाशेजारी न्हाणी करणे म्हणजे घागरी घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहणे, आणि त्या वाहणाऱ्या बहुधा घरातल्या बायकाच असत.

८/
पाणी आपणहून येते तेथे चित्र पालटते. मेहकर हे मुघलकाळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. ‘आईन-इ-अकबरी’त त्याची नोंद आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला लागूनच असलेल्या बुऱ्हाणपुरात सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात भूमिगत जलवाहिन्यांनी पाणी आणले गेले. तो ‘कुंडी भंडारा’ आजही पाहता येतो. तेथील शाही किल्ल्यात रंगीत छताचा हमाम आहे. औरंगाबादेत मलिक अंबरने नहर खोदली तीही याच सुमारास. मात्र हमाम म्हणजे शयनगृहाची जोडखोली नव्हे. ते स्नानाचे, गप्पांचे आणि कधी राजकारणाचेही दालन होते.

९/
खरी अडचण स्नानाची नव्हती, शौचाची होती. मराठीचे शब्दच पाहा : परसाकडे जाणे, बहिर्दिशेला जाणे, बाहेर जाऊन येणे. प्रत्येक शब्दात दिशा आहे, आणि ती घरापासून दूर जाणारी आहे. पुरुषांना ती वाट दिवसा कधीही मोकळी. स्त्रियांना पहाटेच्या अंधारापूर्वी किंवा दिवेलागणीनंतर. मधल्या वेळात आजारपण असो, बाळंतपण असो, पाऊस असो, धीर धरायचा.

१०/
शहरांतील मोठ्या वाड्यांत परसाच्या अगदी टोकाला शेतखाना असे. खाली टोपली किंवा डबा, मागे बोळात उघडणारे छोटे दार. त्या दारातून एक माणूस, पुष्कळदा एक बाई, रोज येई, मैला उचलून डोक्यावरून नेई, आणि घरात कोणाच्या दृष्टीस न पडता परत जाई. हे काम जन्माने काही जातींच्या माथी मारलेले होते. शेतखाना दूर का? दुर्गंधी हे एक कारण. पण तो उपसणाऱ्या माणसाने घरात पाऊल टाकू नये हेही तितकेच मोठे कारण होते. घराचा नकाशा जातीनेही आखला होता.

११/
“मग आपल्याकडे शयनगृहाला लागून शौचकूप कधीच नव्हते का?” होते. रायगडावर जा. राणीवशाच्या दालनांची रांग आज जोत्यापुरती उरली आहे, परंतु दालनादालनाला जोडलेली स्वतंत्र शौचकूपे अजून ओळखता येतात. १६७४ साली जेथे राज्याभिषेक झाला, त्या राजधानीत अटॅच बाथरूम होती असे म्हणायला हरकत नाही. किल्ल्यांच्या तटबंदीतही पहारेकऱ्यांसाठी शौचकूपे आढळतात. सिंधुदुर्गावर ती चांगली टिकून आहेत.

१२/
गडावर जे जमले ते पेठेतल्या वाड्यात का जमू नये? माझ्या मते उत्तर उतारात आहे. गडाच्या कड्यावर किंवा तटावर मळ खाली वाहून जातो, पाऊस उरलेले काम करतो. सपाट गावात उतार नाही आणि बंदिस्त गटारही नाही. निसर्गाने फुकट दिलेले काम तेथे माणसाच्या डोक्यावर आले.

१३/
१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले. साहेबांचे बंगले आणि डाकबंगले उभे राहिले, आणि ‘प्रत्येक शयनगृहाला स्वतःचे गुसलखाने’ ही रचना इकडच्या लोकांच्या दृष्टीस पडली. अटॅच बाथरूमचा आपला आदर्श येथूनच आला. पण त्या गुसलखान्याला बाहेरून उघडणारे दुसरे दार असे. पत्र्याचा टब भिश्ती भरी, आणि लाकडी कमोडातील भांडे सफाई कामगार त्या दारातून नेई. साहेबाने संडास पलंगाजवळ आणला खरा, पण नळ आणून नव्हे, नोकर वाढवून. वाड्याचे मागचे दार आणि बंगल्याचे बाहेरचे दार, दोन्हींतून येणारा माणूस तोच होता.

१४/
मुंबईत १९३० च्या दशकात दादर-माटुंग्याकडे संडास आत असलेले ‘ब्लॉक’ मध्यमवर्गाला मिळू लागले. चाळीतल्या सामायिक संडासापुढे सकाळी टमरेल घेऊन उभे राहणाऱ्याला ही चैन वाटावी. पण तेव्हाही अनेक घरांत ‘घरात संडास’ हा विटाळाचा प्रश्न झाला. जुन्या इमारतींच्या मागच्या अंगाला लोखंडी गोल जिने दिसतात. ते कोणासाठी होते, हे आता तुम्हाला सांगायला नको.

१५/
पलंग आणि संडास यांच्यात तह घडवला तो ओंजळभर पाण्याने. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये लंडनमध्ये जे पेटंट घेतले, त्यात भांड्याखालच्या नळाला बाक दिलेला होता. त्या बाकात पाणी कायम साचून राहते आणि खालचा वायू वर येऊ देत नाही. दुर्गंधीसाठी पन्नास पावलांचे अंतर लागे, तेथे दोन-तीन इंच पाणी पुरे झाले. जातीसाठी लागणारे अंतर मात्र नळाने आपोआप मिटणारे नव्हते. त्यासाठी माणसे लागली.

१६/
१९३२. रत्नागिरीचा तुरुंग. अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना कोकणचे गांधी म्हणत, सत्याग्रही कैदी म्हणून तेथे होते. त्यांची मागणी विलक्षण होती : मला भंगीकाम द्या. उच्चवर्णीय कैद्याला ते काम देता येत नाही, असे तुरुंगाचे म्हणणे. अप्पासाहेबांनी अन्नत्याग आरंभला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपवास सुरू केला. संडास साफ करण्याच्या हक्कासाठी उपोषण! पुढे अप्पासाहेबांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले, त्या घडणीला ‘गोपुरी संडास’ असेच नाव पडले.

१७/
आणि आता विदर्भातीलच एक घर. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहायला आले. मीराबेनसाठी उभी राहिलेली माती-कुडाची कुटी पुढे ‘बापू कुटी’ झाली. पाहायला जाणारे चरखा पाहतात, बैठक पाहतात आणि निघतात. कुटीला लागून असलेल्या न्हाणीघराकडे आणि शौचालयाकडे जरूर लक्ष द्या. इव्हान इलिच हा विचारवंत १९७८ मध्ये तेथे आला असता त्याने कुटीतील जागा एकेक करून मोजल्या, आणि त्यात ऐसपैस न्हाणीघराची आवर्जून गणना केली. कौलारू मातीच्या घरात अटॅच बाथरूम, आणि तिला बाहेरच्या दाराच्या माणसाची गरज नाही, कारण स्वच्छता आश्रमातले लोकच करत. बंगला आणि कुटी यांचा आराखडा या एका बाबतीत सारखा. फरक झाडू कोणाच्या हाती, एवढाच.

१८/
साठवणीची गोष्ट राहिली. १८९७ मध्ये कुलुपांपासून सुरुवात केलेल्या गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाट बाजारात आणले. उंदीर, वाळवी आणि चोर तिघांनाही अवघड. पुढे कंपनी कोणतीही असो, लोखंडी कपाटाला लोक ‘गोदरेज’च म्हणू लागले आणि ते लग्नात मुलीबरोबर सासरी जाऊ लागले. आतल्या चोरकप्प्याची किल्ली तिच्या कमरेला. एकत्र कुटुंबात पुष्कळ बायकांना स्वतःची म्हणावी अशी तेवढीच जागा होती. आजच्या वॉर्डरोबला ते मोल नाही, कारण आता खोलीलाच कडी आहे.

१९/
मेहकरच्या त्या आराखड्याकडे परत येऊ. जुने घर पाडत नसाल तर जाड भिंत राखा : तिच्यातील फडताळे झाडून, आतून फळ्या मारून वापरात येतात आणि खोलीची रुंदी वाचते. टांगायचे कपडे दोन फूट खोलीच्या कपाटात, साड्या आणि चादरी फडताळात. न्हाणीघराच्या ओल्या भिंतीला पाठ लावून कपाट ठेवू नका. पहिल्याच पावसाळ्यात बुरशी येते आणि मग कसर. न्हाणीघराला बाहेरच्या भिंतीत उंचावर खिडकी हवीच. घरात म्हातारे माणूस असेल तर उंबरा नको, आणि दार चाक-खुर्ची जाईल इतके रुंद. जो माणूस ‘निजाच्या खोलीत संडास’ म्हणून नाक मुरडतो, त्यालाच रात्री तो सर्वांत आधी लागतो, हे लक्षात असू द्या.

२०/
आराखड्यावर सगळ्यात शेवटी आणि सर्वांत निष्काळजीपणे काढलेली गोष्ट म्हणजे टाकी. भूमिगत गटार नसलेल्या गावात सेप्टिक टँक आणि शोषखड्डा हाच मार्ग. आपल्याकडची काळी माती फुगते, पाणी लवकर झिरपू देत नाही. शोषखड्डा लहान पडला की टाकी तुंबते. आणि टाकी तुंबली की वाड्याच्या मागच्या दारातला तो माणूस पुन्हा बोलावला जातो. हाताने मैला वाहण्यावर १९९३ मध्ये कायद्याने बंदी आली. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला टाकीत किंवा गटारात उतरवणेही गुन्हा ठरवले. तरी टाकीतील विषारी वायूने गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या तुम्ही-आम्ही अजून वाचतो.

२१/
म्हणून गवंड्याला फरशीचा रंग सांगण्याआधी तीन गोष्टी विचारा. टाकीचे झाकण कोठे येणार? त्याच्यावर खोली किंवा जिना तर येत नाही ना? आणि मैला ओढणाऱ्या गाडीचा पाइप रस्त्यापासून तेथवर पोचेल का? दोन-तीन वर्षांनी उपसा करावाच लागतो, आणि तो यंत्राने होणार की माणसाने, हे या तीन उत्तरांवर ठरते.

२२/
तुमच्या घरी किंवा आजोळी जुने फडताळ, बळद, बंब, किंवा बोळात उघडणारे ते मागचे छोटे दार अजून शाबूत असेल तर काम सुरू होण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढून खाली टाका. गावाचे नाव आणि अदमासे साल लिहा. मागच्या दाराची छायाचित्रे विशेष करून हवी आहेत; ती कोणी काढून ठेवत नाही.