एका शब्दात कोंबलेली माणसे : १८७१ चा कायदा आणि हिजड्यांची नोंदवही

ऑगस्ट १८५२. वायव्य प्रांतातील मैनपुरी जिल्ह्यात भूरा नावाच्या एका हिजड्याचा खून झाला. भूरा आपल्या दोन शिष्यांसह राहत असे. मूल जन्मले, लग्न लागले, की त्या घरी गाऊन नाचून बधाई घेणे हा उपजीविकेचा मार्ग होता. संशय एका माजी प्रियकरावर होता. खटला चालला, परंतु न्यायाधीशांच्या लेखणीतून जे उतरले त्यात खुन्यापेक्षा मृताच्या समाजाचीच झाडाझडती अधिक होती. स्त्रीवेष करणारे, भीक मागणारे, अनैतिक संबंध ठेवणारे हे लोक राज्यव्यवस्थेला कलंक आहेत, असा सूर तेथून लागला आणि तो पुढे वीस वर्षे चढत गेला.

त्याचे पर्यवसान म्हणजे १८७१ चा २७ वा कायदा. ‘गुन्हेगार जमाती कायदा’ म्हणून तो महाराष्ट्रात परिचित आहे. पारधी, रामोशी, बेरड यांच्या संदर्भात त्याची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. मात्र या कायद्याला दुसरा भाग होता, हे फारसे सांगितले जात नाही. तो भाग जमातींविषयी नव्हता. इंग्रजीत ज्यांना ‘युनक’ म्हटले गेले त्यांच्याविषयी होता.

या शब्दाची कायद्यातील व्याख्या मुद्दाम पाहण्यासारखी आहे : जी पुरुष व्यक्ती स्वतः नपुंसक असल्याचे कबूल करते, किंवा वैद्यकीय तपासणीत जी स्पष्टपणे तशी दिसते, ती ‘युनक’. म्हणजे व्याख्या शरीराची. आता शिक्षा पाहावी. नोंदवहीत नाव असलेली व्यक्ती रस्त्यावर किंवा सार्वजनिक ठिकाणी स्त्रीचा वेष वा दागिने घालून दिसली, नाचली, वाजवू लागली, तर तिला वॉरंटाविना अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणजे शिक्षा वेषाला. आणि नोंदवहीत नाव कोणाचे घालायचे? ज्यांच्यावर मुले पळवण्याचा, त्यांचे लिंगच्छेदन करण्याचा किंवा दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाखालील गुन्ह्याचा ‘वाजवी संशय’ असेल त्यांचे. म्हणजे कारण लैंगिक आचरणाचे.

शरीर, वेष, आचरण. तीन निरनिराळ्या गोष्टी एका शब्दात बांधल्या गेल्या. आज अभ्यासक यांतील रेषा स्पष्ट करतात : देहाची रचना हे एक, माणूस स्वतःला स्त्री, पुरुष की आणखी काही समजतो ती लिंगओळख हे दुसरे, त्याचे आकर्षण कोणाकडे आहे तो लैंगिक कल हे तिसरे. एकावरून दुसरे ठरत नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांपाशी ही परिभाषा नव्हती, हे खरे. पण ज्या समाजावर ते राज्य करीत होते त्या समाजापाशी निदान वेगवेगळे शब्द तरी होते.

उदाहरणार्थ, खोजा. मोगल व अवधच्या दरबारांत जनानखान्याची राखण, खजिना, क्वचित फौजसुद्धा सांभाळणारे हे लोक बहुधा बालपणीच खच्ची केलेले गुलाम असत. शरीराने ते कायद्याच्या व्याख्येत चपखल बसत. परंतु त्यांचा पोशाख पुरुषाचा, मानमरातब पुरुषाचा आणि ओळखही पुरुषाचीच. हिजडे याहून अगदी वेगळे : स्त्रीनाव, स्त्रीवेष, गुरू-चेल्याची परंपरा. (मराठीत हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो, येथे तो त्या समाजाचे नाव म्हणूनच घेतला आहे.) तिसरे ‘जनाना’ म्हणवणारे : स्त्रीवेषात नाचगाणे करणारे, पण त्यांतील काहींची लग्ने झालेली, घरी मुलेबाळे असलेली. हे तिन्ही गट उत्तर हिंदुस्थानातल्या कोणत्याही शहरात लोक सहज वेगळे ओळखत. सरकारी नोंदवहीपुढे मात्र गोंधळ उडाला. खोजांना यात धरायचे काय? बायकामुले असलेल्या जनान्याला नपुंसक कसे म्हणायचे? रासलीलेत राधा होणाऱ्या मुलाचे काय?

हा शेवटचा प्रश्न महाराष्ट्राच्या कानाला विशेष ऐकू यावा असा आहे. १८८२ साली किर्लोस्कर मंडळींच्या ‘सौभद्र’ नाटकात भाऊराव कोल्हटकर सुभद्रा झाले आणि रसिकांनी त्यांना डोक्यावर घेतले. कायद्याचा हा भाग मुंबई इलाख्यात लागू नव्हता.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे खैराती या व्यक्तीचे प्रकरण आले. एका कुटुंबातील बायकांमध्ये बसून, स्त्रीवेषात गाणे म्हणत असताना पोलिसांनी खैरातीला बोलावून नेले. सिव्हिल सर्जनकडून देहाची तपासणी झाली. मुरादाबादच्या सत्र न्यायाधीशांनी ३७७ खाली दोषी ठरवले. गंमत अशी, की खैराती शब्दशः अर्थाने ‘युनक’ नाही, हे निकालातच नमूद आहे. उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. कारण गुन्हा कधी, कोठे, कोणाबरोबर घडला यांपैकी काहीच आरोपात नव्हते. तरीही अशा ‘किळसवाण्या’ प्रकारांना आळा घालण्याची पोलिसांची कळकळ स्तुत्य आहे, हे सांगायला न्यायमूर्ती विसरले नाहीत. वेष पाहिला, त्यावरून देह तपासला, देहावरून कृत्य ठरवले : या साखळीतील एकही कडी दुसरीला जोडलेली नव्हती.

शिक्षेपेक्षाही खोलवर घाव घालणारी कलमे याच कायद्यात होती. नोंदवहीतील व्यक्तीला सोळा वर्षांखालील मुलगा जवळ ठेवता येत नसे, अज्ञानाचे पालक होता येत नसे, बक्षीसपत्र वा मृत्युपत्र करता येत नसे, दत्तक घेता येत नसे. ज्या समाजात वारसा गुरूकडून चेल्याकडे जातो, तेथे याचा अर्थ सरळ होता : आहेत ती माणसे मरेपर्यंत राहतील, पुढची पिढी उभी राहणार नाही.

मराठी मुलखात याची चाहूल आधीच लागली होती. येथे काही हिजड्यांकडे ठरलेल्या हद्दीत भिक्षेचा हक्क, रोख नेमणूक किंवा इनाम जमीन मराठेशाहीपासून चालत आली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारने असे वंशपरंपरेचे हक्क पुढे चालवण्यास नकार दिला. ज्यांना राज्याने सनदा दिल्या होत्या त्यांना राज्यानेच अनाचारी ठरवले.

कायद्याचा हेतू तडीस गेला नाही. माणसे गावे बदलत राहिली, दाराआड बधाई चालू राहिली. १९११ साली नवा गुन्हेगार जमाती कायदा झाला तेव्हा हा दुसरा भाग वगळला गेला. पण त्याची नक्कल तोवर पसरली होती. १९१९ च्या सुमारास, फसली १३२९ मध्ये, निजामाच्या हैदराबाद संस्थानाने जवळजवळ त्याच धर्तीचा कायदा केला. तीच नोंदवही, तीच विनावॉरंट अटक, तेच सोळा वर्षांचे कलम. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यात आपले लिंग कोणते हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला दिला, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही असे म्हटले. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी या खटल्यात सहभागी होत्या. निकालपत्रात १८७१ च्या कायद्याची आणि खैरातीच्या प्रकरणाची नोंद आहे. २०१८ मध्ये प्रौढांमधील संमतीचे संबंध ३७७ मधून बाहेर आले. २०१९ च्या तृतीयपंथीयांविषयीच्या कायद्याने मात्र ओळखीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती ठेवला, आणि त्यावर या समाजातूनच निदर्शने झाली. हैदराबादचा तो जुना कायदा तेलंगणात जुलै २०२३ पर्यंत कागदोपत्री जिवंत होता. त्या महिन्यात तेथील उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला.