पेन्शनचे पंच

निवृत्त माणसाच्या हातीं पडणारी रक्कम लहान असो वा मोठी, तिच्यामागें एक प्रश्न सदैव उभा असतो. तिच्यावर देखरेख करणारा कोण, आणि त्याला त्या जागीं बसविलें कोणीं? मुंबई इलाख्याच्या इतिहासांत या प्रश्नाचें उत्तर अनेक घराण्यांना फार महाग पडलें.

सातारा येथील ११ फेब्रुवारी १८१८ च्या जाहीरनाम्यांत एल्फिन्स्टननें वतनें, इनामें व वर्षासनें यांना अभय दिलें होतें. पुढें खजिन्याची निकड वाढली, तसें हें अभय सरकारला जड वाटूं लागलें. १८४३ पासून दक्षिण मराठा मुलुखांत सनदांची चौकशी सुरू झाली, आणि १८५२ च्या ११ व्या कायद्यानें तिला आधार मिळाला. हेंच तें इनाम कमिशन.

कमिशनर व त्याचे साहाय्यक नेमण्याचा अधिकार कौन्सिलसह गव्हर्नराकडे होता. कॅप्टन कौपरसारखे लष्करी पेशाचे अधिकारीही या कामावर आले. साहाय्यकाच्या निकालावर अपील कमिशनरापुढें, आणि त्यानंतर सरकारपुढें. दिवाणी कोर्टाचा दरवाजा बंद. जमिनीचा सारा ज्याच्या खजिन्यांत जमा व्हावयाचा, त्यानेंच पंच नेमावे आणि अखेरचें अपीलही त्यानेंच ऐकावें, असा हा न्याय होता. पुराव्याचें ओझें इनामदाराच्या माथीं. आजोबांच्या वेळची सनद वाळवीनें खाल्ली असेल, तर नातवाच्या तोंडचा घांस गेला. हजारों इनामें याप्रमाणें खालसा झालीं, आणि दक्षिणेंत असंतोष धुमसूं लागला.

१८५७ च्या उठावानंतर सरकारनें पवित्रा बदलला. १८६३ सालीं दोन कायदे करून, ठराविक जुडी घेऊन इनामें कायम करण्याची तडजोड पुढें आली. परंतु मूळ विचार पालटला नव्हता. १८७१ च्या २३ व्या कायद्यानें पेन्शनचा दावा कलेक्टरच्या दाखल्यावांचून दिवाणी कोर्टांत चालेनासा केला. पेन्शन म्हणजे सरकारची मर्जी, ही समजूत त्यामुळें दृढ झाली. ती मोडण्यास शंभर वर्षें लागलीं. १९७१ सालीं देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें पेन्शन हा हक्क असल्याचें सांगितलें. १७ डिसेंबर १९८२ रोजीं नकारा खटल्याच्या निकालानें त्याच तत्त्वाला अधिक बळ दिलें.

१ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नव्या नोकरांसाठीं, सैन्यदलें वगळून, वर्गणीची योजना आली. नोकराची पुंजी बाजारांत गुंतूं लागली, तेव्हां देखरेखीची गरज वाढली. २०१३ च्या कायद्यानें पेन्शन निधि प्राधिकरणाची रचना ठरविली. योगायोग असा कीं, हाही त्या वर्षाचा २३ वा कायदा! अध्यक्ष एक, सभासद अधिकांत अधिक सहा, त्यांतले निदान तीन पूर्ण वेळ काम करणारे. सभासद सचोटीचे असावेत, आणि अर्थशास्त्र, वित्तव्यवहार व कायदा या प्रत्येक विषयाचा निदान एक जाणकार त्यांत असावा, अशी अट घातली. सभासदास काढावयाचें तर कारणें कायद्यांत सांगितलेलीं. निर्णयाविरुद्ध अपिलास स्वतंत्र न्यायाधिकरण ठेवलें.

कौपरच्या काळापासून एवढें अंतर तोडलें गेलें, हें थोडें नव्हे. तरीही नेमणुकीची लेखणी केंद्र सरकारच्याच हातीं ठेवण्यांत आली. वर्गणीदारांना मतासह जागा मिळाली नाहीं. त्यांच्या प्रतिनिधींसाठीं सल्लागार समितीची योजना झाली. सल्ला आणि मत यांतील अंतर लहान नाहीं.

इनाम कमिशनचा धडा एवढाच आहे: पंचाची विद्वत्ता आवश्यक खरी, पण ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्यालाही पंच निवडण्यांत कांहीं वांटा असावा. पेन्शन हा हक्क ठरला. त्या हक्काचा राखणदार कोणीं नेमावा, हा वाद मात्र त्या निकालांनीं मिटलेला नाहीं.