मिठाचं कुंपण आणि करवंदाची जाळी



पीक हाती यायच्या वेळेला बाभळीचे नि बोरीचे काटे तोडायचे, ओढत बांधावर आणायचे आणि कुपाटी घालायची, हे काम आपल्याकडे दरसाल ठरलेलं. उन्हाळा संपेतो निम्मी कुपाटी वाळवी खाते आणि उरलेली चुलीत जाते. पुढच्या साली पुन्हा तेच. ही कटकट एकट्या आपलीच नाही. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रज सरकारलाही हाच प्रश्न पडला होता आणि त्याचं उत्तर त्यांना करवंदाच्या जाळीत सापडलं. ती हकीगत ऐकण्यासारखी आहे.

त्या काळी मिठावर कर होता. उत्तरेकडच्या इलाख्यात तो भारी, तर मुंबई आणि मद्रास इलाख्यात त्या मानानं कमी. साहजिकच स्वस्त मीठ चोरून उत्तरेत जाई. ते अडवायला सरकारनं देशाच्या अंगावर एक जकातीची रेषाच ओढली. १८६९ च्या सुमारास ती सिंधू नदीपासून दक्षिणेला बऱ्हाणपूरपर्यंत आणि तिथून पूर्वेला थेट महानदीपर्यंत, जवळजवळ २,३०० मैल गेली होती. बऱ्हाणपूर म्हणजे काही परका मुलूख नव्हे. आपल्या संभाजीनगरहून अजिंठ्याचा घाट उतरून जळगाव, भुसावळ, रावेर केलं की पुढे बऱ्हाणपूरच. रेषेवर पहाऱ्याला सुमारे १२,००० माणसं होती. तरी मीठ चोरून जायचंच. म्हणून रेषेच्या मोठ्या भागावर काट्यांचं कुंपण घातलं. आधी घातलं ते वाळल्या काट्यांचं, आपल्या कुपाटीसारखंच.

१८६७ मध्ये या जकात खात्यावर ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे कमिशनर म्हणून आले. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. त्यांनी हिशेब मांडला. वाळल्या कुंपणाला मैलामागे २५० टन काटे लागत. गाडीत अर्धा टन धरा, म्हणजे एका मैलाला पाचशे गाड्या! त्यातही जवळपास निम्मं कुंपण दरसाल नव्यानं घालावं लागे. वाळवी, वणवा, वादळ, उंदीर यांच्यापुढे ते टिकत नव्हतं. हा तोटा पाहून ह्यूम यांनी जिवंत कुंपणावर भर दिला. कुठल्या जमिनीत आणि किती पावसात कोणतं काटेरी झाड तग धरतं, याचे प्रयोग करून पाहिले. बोर, बाभूळ, करवंद आणि शेर-निवडुंगाच्या जाती त्यातून निवडल्या गेल्या. जमीन हलकी असेल तिथे माती बदलली, खत घातलं, पाण्यासाठी विहिरी खोदल्या, पूर येई तिथे बांध घातले. सरकारी काम असूनही कष्ट शेतकऱ्याचेच होते म्हणा ना! चांगलं माजलेलं कुंपण १० ते १४ फूट उंच आणि ६ ते १२ फूट रुंद होई. १८७८ पर्यंत चारशे मैलांहून जास्त कुंपण असं हिरवं, पक्कं झालं होतं.

पण हे कुंपण गरिबाच्या भाकरीवरच्या चिमूटभर मिठाआड उभं होतं, हेही विसरता येत नाही. निरनिराळ्या इलाख्यांतले कर जवळ आणले गेले, सांभर सरोवराचं मीठ सरकारच्या ताब्यात आलं आणि कर मूळ जागीच घेता येऊ लागला. मग १ एप्रिल १८७९ पासून ही रेषा मोडली. पुढे लोकांनी जागा नांगरली, कुठे रस्ते झाले. १९९८ मध्ये रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकानं शोध घेतला, तेव्हा उत्तर प्रदेशात इटावा जिल्ह्यात जेमतेम एक तुकडा हाती लागला.

सरकारचा हेतू वाईट, पण झाडाची निवड अचूक होती. करवंद बारमाही हिरवं, दुहेरी काट्यांचं आणि चिकाचं. मुरमाड, उथळ जमिनीत ते सुखानं वाढतं. पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत मात्र लावू नका, मुळं कुजतात. लावायचं तर मे-जूनमध्ये पिकलेल्या फळांचं बी धुऊन लगेच पिशव्यांत पेरा. बी ठेवून दिलं की उगवण झपाट्यानं कमी होते. वर्षाची रोपं पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला बांधावर लावा. फूटभर खोल चर खणून त्यात शेणखत मिसळा आणि दोन ओळींत, दोन-दोन फुटांवर, एकाआड एक अशी रोपं ठेवा. दुसऱ्या वर्षी गुडघ्याएवढ्या उंचीवर शेंडा छाटा. जीव कासावीस होईल, पण त्याशिवाय बुडाला फुटवे येत नाहीत, आणि रानडुक्कर शिरतं ते बुडातूनच. पहिली दोन वर्षं शेळ्या दूर ठेवा, मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावा. तोवर जुनी कुपाटी मोडू नका. रोही उंच उडी मारतो, त्याला अडवायला जाळी पुरुषभर उंच व्हावी लागते आणि त्याला चार-पाच वर्षं लागतात.

फळं साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून धरतात. कच्ची लोणच्याला, पिकलेली बाजारात. फळांसाठीच लावायची असतील तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळाची जात आहे. कुंपणाला मात्र आपल्या म्हैसमाळ, गौताळ्याकडच्या डोंगरांतली रानकरवंदं काही वाईट नाहीत. बियांचा खर्चही नाही. बाजारातून पाटीभर आणा, फळं घरातल्या पोरांना खाऊ द्या आणि बिया तेवढ्या मागून घ्या.