नाकातली वाट

दुर्बिणीची काच धुरकट होऊ नये म्हणून मी ती कोमट पाण्यात बुडवते, पुसते आणि सर्जनच्या हातात देते. ४ मिलिमीटर जाडीची ती नळी नाकपुडीतून आत जाते आणि पडद्यावर मेंदूखालच्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या तळाचं पातळ हाड दिसू लागतं. थिएटरमध्ये वीस वर्षं काढली, तरी त्या क्षणी माझा श्वास अडकतो.

१९०७ साली इन्सब्रुकमध्ये हर्मान श्लोफरने या वाटेने पहिली गाठ काढली, पण त्यासाठी नाक बाहेरून कापून बाजूला वळवावं लागलं. १९१० मध्ये व्हिएन्नाच्या ऑस्कर हिर्शने नुसत्या नाकपुडीतून, तेवढाच भाग बधिर करून तेच साधलं. हार्वी कुशिंगने वरच्या ओठाखालून दोनशेवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे कवटी उघडण्याकडे वळला. त्याचा शब्द मोठा. बहुतेक सगळेच वळले.

मला मोल वाटतं ते नॉर्मन डॉटचं. कुशिंगकडे शिकलेला हा माणूस एडिनबरोत जुनीच वाट धरून राहिला, नाकात घालायच्या उपकरणाला छोटे दिवे जोडून. त्याच्याकडून पॅरिसचा जेरार गियो शिकला, गियोकडून माँट्रियलचा ज्यूल हार्डी. त्याने सूक्ष्मदर्शक आणला. हातातून हातात, अशी टिकली ही विद्या. निव्वळ दुर्बिणीने काम करणं १९९०च्या दशकात पिट्सबर्गमध्ये रुळलं.

परवा एका आजींनी शुद्धीवर येताच डोकं चाचपलं. “टाके कुठं घातलेत गं?” मी त्यांचा हात हातात घेतला. “नाहीतच, आजी.”